न भरलेली सभा

२६ जानेवारी २०२५

झेंडा झाला, लाडू संपले, लोक पांगले! ग्रामसभेला उरलो अकरा जण. त्यातले चार शाळेतले मास्तर आणि एक सदू, तोही भिंतीला टेकून झोपलेला. ग्रामसेवक आलेच नाहीत. दोन गावांचा चार्ज, कुठे कुठे पळणार माणूस! 'कोरम नाय, सभा नाय,' म्हणत माजी सरपंच आबाजी उठले. आम्हीही चपला शोधल्या.

घरी येते तर पोशाने गोठ्याच्या भिंतीचा अर्धा कूड उभा केला होता. पोशा वरच्या ठाकरवाडीतला. सकाळी आठला कारवीचा भारा घेऊन आला तो संध्याकाळी पाचला गेला. इथेच जेवला. सासूबाईंनी त्याला तीनदा चहा दिला, मला एकदाच!

साडेअकराला आबाजी ओटीवर हजर. बगलेत पंचायतीची प्रोसिडिंगची वही. 'छाया, तुजं अक्षर मोत्यासारखं. लिही गं जरा.' हे किशोरचे लांबचे चुलते, म्हणजे माझे सासरेच. सरपंच आता त्यांची सून भाग्यश्री — ती सह्या करते, हे राज्य करतात. आजही पानाच्या तळाशी तिची सही होती आणि वर सगळं कोरं!

ते बोलत गेले, मी लिहीत गेले. हजर ग्रामस्थ एकशे बारा. विषय पाच — वरच्या वाडीचा झरा व त्याचा परिसर सुशोभीकरणासाठी देण्यास ग्रामसभेची हरकत नाही. सूचक, पोशा कमळू उघडे. ठराव एकमताने मंजूर.

मला हसूच फुटलं. बाहेर पोशा कारवी बांधतोय आणि आत मी त्याला शंभर माणसांपुढे उभा करून ठराव मांडायला लावतेय! म्हटलं, 'आबाजी, पोशा तर इथं आहे.' म्हणाले, 'मग बरंच हाय की! गावातच हाय ना?' आणि असे हसले की मीही हसले.

झऱ्याचं सुशोभीकरण होतंय म्हणजे चांगलंच. सभा नाही भरली तरी वही भरायची, दरसालचंच आहे हे. पण एक नामी कल्पना सुचली — एक राजा असतो. त्याचा लेखनिक उद्याची हकीकत आजच लिहून ठेवतो आणि प्रजेने लिहिल्याबरहुकूम वागायचं. कोणी तसं वागला नाही तर चूक त्या माणसाची, कागदाची नाही! यावर नाटक होईल. नक्की होईल!

३१ जानेवारी

सासूबाईंची लोणच्याची बरणी फुटली. त्यांच्या आईने दिलेली, हिरव्या काठाची. म्हणजे फुटली नाही, मी फोडली. एका हाताने फडताळात ठेवायला गेले, दुसऱ्या हातात नाटकाची वही. मांजराचं नाव सांगितलं. सासूबाईंनी मांजराला दिवसभर दूध दिलं नाही आणि मला गिळवेना. रात्री गुपचूप वाटीभर ठेवलं त्याच्यापुढे.

९ फेब्रुवारी

कर्जतच्या वाचनालयातून दोन कादंबऱ्या आणल्या. दोन्ही जुलमी राज्यांच्या. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, 'छायाताई, जरा हसायचं काहीतरी न्या की हो कधी!' मला हेच आवडतं, काय करू?

एकीत सगळ्या शहरावर कॅमेऱ्यांचे डोळे. दुसरीत माणसांना नावंच नाहीत, नंबर आहेत. शिपाई, भिंती, भोंगे! वाचताना अंगावर काटा येतो, पण कुठेतरी सुटल्यासारखंही वाटतं — हे इथे नाही बाई, हे लांब, पुढच्या शतकात. माझ्या नाटकातही शिपाई घातले होते सहा. मंडळाकडे भालेच तीन आहेत म्हणून तीन केले.

राजा मस्त जमतोय. तो ओरडत नाही, गोड बोलतो. लेखनिकाचं अक्षर सुंदर आहे म्हणून रोज कौतुक करतो. लेखनिक मात्र अजून नीट उभा राहत नाही. तो इतका खुशीत का लिहितो, हेच मला सापडेना.

२३ फेब्रुवारी

नाटक घेतलं! माझं! हनुमान जयंतीच्या जत्रेला, १२ एप्रिलला 'दरबार उद्याचा', तीन अंकी, लेखिका सौ. छाया किशोर!!

झालं असं. मंडळाची बैठक देवळात. दरसालची ऐतिहासिकं सगळी करून झालेली, नवीन कोणाकडे नाही. मी धीर करून वही पुढे सरकवली. 'बाईमानसानं लिवलेलं?' — हे सदू. एरवी झोपतो, नेमका तेव्हाच जागा! पण आबाजींनी वही घेतली, पानं चाळली, राजाच्या एन्ट्र्या मोजल्या. नऊ! 'झ्याक हाय,' म्हणाले. पहिल्या अंकाच्या पुढे वाचलं नाही. राजा तेच असतात, गेली बावीस वर्षं. मुकुटही त्यांच्याच मापाचा केलाय.

आमच्या गावाची एक तऱ्हा आहे. इथे नट पाठांतर करत नाहीत. पाठ करतो तो नवशिका, त्याला हसतात! खरा नट विंगेतून ओळ उचलतो आणि अशी फेकतो की लोकांनी टोपी उडवावी. त्यामुळे गावात नटांपेक्षा प्रॉम्प्टर महाग. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी प्रॉम्प्टरचा घसा बसला आणि कोणीतरी म्हणालं, किशोरच्या बायकोची कुजबुज शेवटच्या रांगेला ऐकू येते, तिला बसवा. तेव्हापासून चौदा नाटकं. बाईने स्टेजवर यायचं नाही, नट्या पेणहून आणायच्या, पण विंगेत अंधारात बसलेली बाई चालते!

आबाजींचं तर कौतुकच आहे. माझ्या ओठांतून त्यांच्या कानात आणि कानातून थेट तोंडात. मधे डोकं लागतच नाही.

८ मार्च

तालीम. आबाजींना एक ओळ येत नाही. मुकुट मात्र घरी नेला!

१७ मार्च

माझ्या अंगणवाडीतून घरी येते तर कोंडी पायरीवर बसलेली. कोंडी म्हणजे पोशाची बायको. शेजारी दोन रिकामे हंडे. ही बाई कधी बसत नाही, म्हणून आधी वाटलं आजारी आहे.

'बाय, झऱ्याला तार लागली.'

मी म्हटलं, कसली तार? तर शिमगा झाला तशी दोन टेंपो भरून माणसं आली, खांब पुरले, कुंपण ओढलं. दार आहे, दाराला कुलूप आहे. खाजगी मालमत्ता, अशी पाटी. आत फार्महाऊसवाल्यांची पाण्याची टाकी होणार. आता वाडीच्या बाया खाली डोहावर जातात. चढ धरून दीड तास, एका खेपेला! कोंडीची सून सातव्या महिन्यात आहे, तीही जाते.

'तार लावनाऱ्या मानसाला इचारला, आमच्या झऱ्याला तार कोनी लावली रं? तो म्हनतो, तुमच्याच पोशानं ठराव मांडला. कागदावर हाय.' मग माझ्याकडे बघत राहिली. 'माजा पोशा सभेत कदी बोलला नाय बाय. त्याला चार मानसांत खोकायची लाज वाटते.'

मी चहा टाकते म्हणाले. आत आले आणि चुलीसमोर नुसती उभी राहिले.

१८ मार्च

पोशाला घेऊन पंचायतीत गेले. शिपायाने वही काढली. विषय पाच.

अक्षर माझं आहे.

पोशाला वाचता येत नाही. तो म्हणाला, 'छायाबाय, कोनी लिवलं असंल हे?' मी सांगितलं. तिथेच, शिपायासमोर सांगितलं. पोशाने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, 'मी तवा तुमच्याच गोठ्यात व्हतो ना?'

हो रे बाबा. होतास.

१९ मार्च

आबाजींकडे गेले. पदर खोचून गेले! सासरे असतील आपल्या घरी.

ते झोपाळ्यावर. 'ये गं छाया. भाग्यश्री, च्या टाक.' मी म्हटलं, चहा नको, वाडीचा झरा परत करा. जी सभा भरलीच नाही तिचा ठराव खोटा आहे. तर हसले. तोच गोड हसणारा तोंडवळा, जो मी नाटकात लिहिलाय!

'खोटा म्हंजे? अक्षर कोनाचं?'

'माझं.'

'सही?'

'भाग्यश्रीची.'

'मग यात आबाजी कुठं हाय गं? मी फकस्त बोललो. लिवलंस तू.'

चौदा वर्षं सगळ्या गावाला शब्द पुरवणारी मी, आणि माझीच ओळ सापडेना! भाग्यश्री चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली होती.

निघताना मागून म्हणाले, 'किशोर साजगावला कायम झाला का गं कारखान्यात? कंत्राटदार आपलाच मानूस हाय. बोलू का त्याच्याशी?'

कुठल्याच कादंबरीत असा राजा नाही. तिथे निदान भोंगा वाजतो, शिपाई दार ठोठावतात, माणसाला कळतं तरी की आता आपली धडगत नाही! इथे ओटी, चहा आणि 'तुजं अक्षर मोत्यासारखं'. आज मला माझा लेखनिक सापडला. तो खुशीत का लिहितो? कारण त्याचं कौतुक होतं, आणि त्याला वाटतं आपण फक्त लिहितोय. कौतुकाला हपापलेली मेली!

२४ मार्च

किशोरशी कडाक्याचं वाजलं. 'झऱ्याचं पाणी तू पितेस का? मग?' मी म्हटलं, कोंडीच्या सुनेने डोहावरून हंडा आणायचा आणि मी इथे नळ सोडून भांडी घासायची, माझ्या अक्षराच्या जोरावर? तो जेवला नाही. मीही नाही. सासूबाई मात्र दोघांच्या वाटची भाकरी खाऊन म्हणाल्या, 'भांडा, भांडा. डाळ चांगली झालीय.'

मास्तरांकडे गेले. चौघांकडेही. चौघांनाही त्या दिवशीचं काही आठवत नाही. लाडू आठवतात.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली, कडुनिंब चावला.

संजनाताईंचा फोन. त्या मंडळाच्या सेक्रेटरीची बायको, म्हणजे निरोप मंडळाचा. 'छाया, तुला नाटकातून काढायचं म्हणत होते, पण आबाजी नाय म्हणाले. तिच्याबिगर माझं तोंड उघडत नाय, म्हणाले.'

फोन ठेवला आणि तशीच बसले. तिच्याशिवाय माझं तोंड उघडत नाही. अहाहा! काय वाक्य आहे! आबाजी, अख्ख्या नाटकात तुम्हाला इतकं चांगलं वाक्य मी दिलं नव्हतं.

तिसरा अंक काढून बसले. राजाची सातवी एन्ट्री. राजा सिंहासनावर बसतो, लेखनिकाला म्हणतो, लिही — आणि उद्याचा दिवस सांगतो. तिथे चार ओळी खोडल्या. नवीन ओळी कागदावर लिहिल्या नाहीत. त्या डोक्यातच ठेवल्या आहेत, या वहीतसुद्धा नाहीत.

भीती वाटते का? वाटते! पण मागे फिरणार नाही. एकदा त्यांनी बोलायचं आणि मी लिहायचं झालं. आता मी सांगायचं आणि त्यांनी बोलायचं.

११ एप्रिल

पोशाला म्हटलं, उद्या अख्खी वाडी घेऊन ये. नाटकाला.

१३ एप्रिल

सगळं नीट लिहून ठेवते, क्रमाने.

दहानंतर स्पीकर बंद असा पोलिसांचा नियम, म्हणून सातलाच पडदा उघडला. मैदान भरलेलं. पुढे खुर्च्या, भाग्यश्री सरपंच म्हणून मधोमध, पायाशी मानाचा नारळ. मागे गोधड्या, त्याच्या मागे, अगदी कडेला, वाडीची माणसं. कोंडी मला विंगेतून दिसत होती.

दोन अंक झकास झाले. आबाजींनी काय काम केलं! खोटं कशाला बोलू, राजा म्हणून त्या माणसाला तोड नाही. सदू लेखनिक झाला होता, कानावर मोरपीस.

तिसरा अंक. सातवी एन्ट्री. आबाजी सिंहासनावर बसले, मांडी ठोकली, कान माझ्याकडे केला. मी सांगितलं आणि ते गरजले —

'लेखनिका, लिही!'

हे मूळचंच. सदूने मोरपीस काढलं.

मी कुजबुजले. आबाजींनी मुकुट सावरला, छाती काढली. 'सव्वीस जानेवारीला सभा भरली नाही!'

माईक यंदा नवीन होता. समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला.

मी थांबले नाही. थांबले असते तर त्यांनी विचार केला असता! 'अकरा माणसं आली होती. मी ओटीवर बसून एकशे बारा सांगितली!' गरजले. 'कोऱ्या पानावर सही आधी घेतली!' गरजले, वर हातही उगारला. 'झरा वाडीचा आहे! पोशाने ठराव मांडला नाही! पोशा त्या वेळी —'

आणि इथे ते त्यांच्याच कानावर पडलं.

तोंड उघडंच. हात वरच. मैदानात भेळवाल्याचा स्टोव्हसुद्धा ऐकू येत होता. सदूला वाटलं ओळ आपली आहे. त्याला मी काही सांगितलं नव्हतं, मग तो बिचारा स्वतःच्या मनाचं बोलला, 'व्हय म्हाराज. मीपन व्हतो तितं. सबा नाय झाली.'

मागून, पार मागून, कोंडीचा आवाज आला. 'फुडं बोल ना रं राजा! आमी आईकतो!'

वाडीची माणसं हसली. मग टाळ्या. आधी मागून, मग गोधड्यांवरून. भाग्यश्रीने तोंडाला पदर लावला होता. ती हसत होती की काय, मला कळलं नाही. रूपेश पडदा ओढतो, त्याने घाबरून पडदा पाडला तो सिंहासनावरच पडला.

आबाजी विंगेत आले. मुकुट वाकडा, रंगाखाली चेहरा काळाठिक्कर. 'काय केलंस गं हे?'

माझी ओळ आता मला आठवली. म्हटलं, 'मी फक्त कुजबुजले, आबाजी. बोललात तुम्ही.'

१५ एप्रिल

वाटलं होतं काहीतरी होईल. झालं ते असं.

देवळाच्या पायरीवर आबाजी चार माणसांत बसलेले. मी जाताना मुद्दाम आवाज चढवून, 'आरं नाटक हाय ते! नाटकातला राजा खोटारडा, म्हनून आबाजी खोटारडा काय? मागं मी रावन झालो तवा कोनाची बायको पळवली का रं?' सगळे खो खो हसले. सदूही! तो म्हणे, मी पात्र म्हणून बोललो.

गावाला हायसंच वाटलं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. खरं म्हटलं तर काहीतरी करावं लागतं. नाटक म्हटलं की सतरंज्या झाडायच्या आणि घरी जायचं.

मग जीव ओतून लिहायचं तरी कशाला? वाचायचं कशाला? ती दोन पुस्तकं परत करून टाकते.

१८ एप्रिल

गावाने आमच्याशी बोलणं टाकलं. कोणी तसं म्हणत नाही, वाळीत टाकणं कायद्याने गुन्हा आहे ना! पण गिरणीचा पट्टा फटफट वाजतोय आणि गिरणीवाला म्हणतो, 'बंद हाय.' अंगणवाडीत सतरा पोरांची सहा झाली. किशोरला कंत्राटदाराने सांगितलं, पुढच्या आठवड्यापासून गरज नाही.

मला वाटलं किशोर आता तोडून खाणार. तो चपला काढून ओटीवर बसला आणि म्हणाला, 'आबाजींचं तोंड कसलं झालं होतं गं! मांजर दुधात तोंड घालताना सापडावं तसं.' आणि हसायला लागला. हसता हसता डोळ्यांत पाणी. मग म्हणाला, 'आता मागं हटलीस तर मी बोलणार नाय तुझ्याशी.' चौदा वर्षांत मला हा माणूस असा आवडला नव्हता.

दळण दहिवलीला, माहेरच्या गिरणीत नेणार होते. तर तिन्हीसांजेला मागच्या दाराने भाग्यश्री. डोक्यावर पिठाचा डबा. 'वैनी, तुमच्यासाठी दळण माझ्या नावावर टाकलं.' डबा ठेवला आणि तिथेच उभी. 'मला दर वेळी कोरं पानच देतात सहीला. मी विचारलं होतं एकदा. मग परत नाही विचारलं.' म्हटलं, हे प्रांतसाहेबांपुढे बोलशील? मान हलवली, नाही. दोन लहान लेकरं आहेत तिला. मी डबा रिकामा करून तिच्या हातात दिला.

२३ एप्रिल

पोशा, कोंडी, मी आणि किशोर, कर्जतला. प्रांतसाहेबांकडे अर्ज दिला. सोमवारी, अठ्ठावीसला सुनावणी.

तिथले कारकून सज्जन होते, पाणी दिलं, अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, 'बाई, तुम्ही म्हणता सभा झाली नाही. वही म्हणते झाली. साक्षीदार?' नाहीत. सासूबाई आहेत, पण घरच्या. 'तुम्ही स्वतः लिहिलंत म्हणता, पण आता तुमचं त्यांच्याशी वैर. ते म्हणतील, रागापोटी बोलते. आज कोणीही काहीही म्हणेल हो! त्या दिवशीचं, त्याच तारखेचं काही लेखी आहे का?'

पोशा म्हणाला, 'साहेब, लिवणारी ही एकटीच. आमच्या वाडीत कोन लिवतो?'

बाहेर येऊन झाडाखाली बसलो. कोंडीने फडक्यातली भाकरी सोडली, चौघांत वाटली. तिच्या सुनेला काल चढावर चक्कर आली म्हणे. हंडा गेला, ती वाचली. हे तिने असं सांगितलं जसं काही हंड्याचीच बातमी आहे.

राजाचा कागद खरा आणि माणूस खोटा. माझ्याच नाटकाच्या दुसऱ्या अंकात आहे हे, तिथे प्रजा गप्प बसते. मी लिहिलं होतं तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं होतं! आज घरी येऊन ते पान टराटरा फाडलं. नाही गप्प बसणार. पण काय दाखवणार?

२७ एप्रिल

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आज बरणी फुटली तो दिवस कोणता ते बघायला या वहीची मागची पानं उलटली, आणि समोर सव्वीस जानेवारी. अकरा माणसं. कोरं पान. पोशा आठ ते पाच. सगळं त्याच दिवशीचं, त्याच मोत्यासारख्या अक्षरात.

वही किशोरला दिली. त्याने सगळी वाचली, सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, 'बरणीचं मला म्हाईत होतं. मांजर लोणच्याला तोंड लावतं होय गं? जा, दे ती वही.'

तर प्रांतसाहेब, उद्यापासून हे तुम्ही वाचताय. आबाजी, तुम्हालाही वाचून दाखवतील. एक पान चिकटवून बंद केलंय, ते माझं एकटीचं नाही; ते सोडून काही झाकलेलं नाही, नवऱ्याशी भांडलेलंसुद्धा. ठराव मी लिहिला, शिक्षा असेल ती द्या. बरणी मी फोडली आणि घरात खोटं सांगितलं. बाकी या वहीत एक अक्षर खोटं नाही, आणि हे नाटक नाही.